समासात लिहिलेली तारीख

पत्र:

आदरणीय ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

मी ४३ वर्षांची, अविवाहित, नोकरी करणारी. चार महिन्यांपूर्वी आई गेली. दीड वर्ष आजारी होती. त्या काळात एका रात्री मी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. बोटाखाली स्तोत्र ११८:१७ आलं, 'मी मरणार नाही, तर जगेन.' मी समासात पेनाने तारीख घातली. मंडळीत उभी राहून साक्षही दिली. पाच आठवड्यांनी आई गेली. मावशी म्हणते, तुझा विश्वास कमी पडला.

नातेवाईक अजूनही रोज सकाळी फोनवर वचन पाठवतात, बहुतेक वेळा यिर्मया २९:११, फुलांच्या चित्रावर. मला अख्खा अध्याय वाचवत नाही, दोन-चार ओळींपुढे डोळे सरकत नाहीत. आणि त्या दोन-चार ओळी खोट्या वाटतात. त्यातच दुसऱ्या शहरात बढतीची जागा मिळते आहे. गेले तर पप्पा इथे एकटे. महिनाअखेर कळवायचं आहे. पाळकसाहेब म्हणाले, वचनातून मार्ग माग. आता कोणत्या तोंडाने मागू? छोट्या वचनांत आशा शोधणं हा पोरखेळ आहे का? आणि ते पान आता डोळ्यांसमोर नको वाटतं. नवं शास्त्र घेऊ का?

तुमची एक बहीण

उत्तर:

प्रिय बहिणी,

आधी मावशींचं बघू. ते वाक्य तुमच्या छातीत अडकून राहिलं तर मी पुढे काय लिहिते ते तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढा. शेवटचा अध्याय, चौथा. विसावं वचन. प्रेषित पौल लिहितो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. या वचनावर प्रवचन झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन घातले तर लोक बरे होत, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं, तोच हा पौल. त्याचा जवळचा सोबती, इफिसचा त्रफिम, वाटेत आजारी पडला आणि बरा झाला नाही. पौलाला पुढे निघणं भाग होतं, म्हणून तो त्याला मागे ठेवून निघाला. यात त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं पौल लिहीत नाही. आपली प्रार्थना कमी पडली असंही लिहीत नाही. कारण देतच नाही तो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणखी विश्वास घे असं सांगितलं नाही. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवलं, तो काटा तसाच राहिला. आणि गेथशेमाने बागेत ज्या प्रभूने 'हा प्याला टळो' म्हणून मागितलं त्याचाही टळला नाही. त्याचा विश्वास मोजायला कोण जाणार?

तेव्हा मावशींचं ते वाक्य खाली ठेवा. पण त्यांना त्रफिम ऐकवायला जाऊ नका. तुमची आई गेली तशी त्यांची बहीणही गेली आहे. दुःखात माणूस कारण शोधत सुटतो आणि जे हाताशी सापडेल त्याला चिकटवून टाकतो. तुम्ही हाताशी होतात.

आता पोरखेळाचं. तुम्ही डोळे मिटून बोट ठेवलंत म्हणून तुम्हाला हसावं असं मला वाटत नाही, कारण मी त्याहून वाईट केलंय. आमच्या घरी वचनांची एक पेटी होती, तळहाताएवढी. आत गुंडाळलेल्या कागदाच्या बारीक सुरळ्या उभ्या रचलेल्या, आणि त्या उपसायला एक इवलासा चिमटा. रोज एक काढायची, वाचायची, परत गुंडाळून ठेवायची. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी पेटी उघडली. पहिली सुरळी निघाली: 'माझी कृपा तुला पुरे आहे.' माझ्या पोटात गोळा आला. काटा न निघालेल्या पौलाला मिळालेलं उत्तर आहे ते, मला ठाऊक होतं. सुरळी परत खुपसली. दुसरी निघाली: परमेश्वराची प्रतीक्षा कर. तीही नको वाटली. तिसरी निघाली यिर्मयातली, 'मी तुला आरोग्य देईन,' आणि मी पेटी मिटवली. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी ही साक्ष सांगत आले आणि दर वेळी तिसऱ्या सुरळीपासून सुरुवात केली. पहिल्या दोन सुरळ्या आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे.

माझं नशीब की नवरा वाचला. वाचला नसता तर तिसऱ्या सुरळीचं मी काय केलं असतं? तुम्ही आज त्याच जागी उभ्या आहात, फरक एवढाच.

पुढे कधीतरी लक्षात आलं की त्या पेटीत वाईट सुरळी नव्हतीच. शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहणारं स्तोत्र ८८ तिच्यात नव्हतं. विलापगीत होतं, पण त्यातली दोनच वचनं. निवड आधीच कुणीतरी करून ठेवलेली होती. फोनवर फुलांच्या चित्रावर जे येतं तेही असंच चाळून आलेलं असतं.

तरीही छोट्या वचनांना मी दोष देणार नाही. प्रभू वाळवंटात उपाशी होता तेव्हा त्याने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली एकेक ओळ तीनदा वापरली, वधस्तंभावर स्तोत्र २२ आणि ३१ यांतली एकेक. श्वास अपुरा असतो तेव्हा माणसाला छोटंच लागतं. तुमचे डोळे दोन-चार ओळींपुढे सरकत नाहीत, यात कमीपणा वाटून घेऊ नका. पण त्याच वाळवंटात सैतानानेही छोटंच वचन काढलं होतं. स्तोत्र ९१ मधलं, देवदूत तुला हातांवर झेलतील असं. मजकूर बरोबर होता. पण त्याने ते 'उडी मार, काही होणार नाही' या हमीसाठी पुढे केलं. प्रभूने आपलं वचन उडी न मारता तिथेच उभं राहण्यासाठी वापरलं. मला सापडलेला फरक हा एवढाच आहे. पुढे काय होणार याची पावती म्हणून वचन फाडून घेतलं की ते हातात फाटतं. आज उभं राहायला काठी म्हणून घेतलं तर टिकतं.

फाडून घेणं आपल्याला सोपं जातं याला एक साधं कारण आहे. पौलाने लिहिलं तेव्हा त्याच्या पत्रात आकडे नव्हते. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूने. नव्या कराराला आज आहेत ते वचनांचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या फ्रेंच छापखानेवाल्याने दिले. शोधायला सोपं जावं म्हणून केलेली ती सोय. पण आकडा पडला की ओळ सुटी दिसायला लागते, आणि सुटी दिसणारी वस्तू आपण उचलतोच.

यिर्मया २९:११ ही ओळ परत तिच्या घरी नेऊन ठेवा, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. हे वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेतून उचलून बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते लिहिलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील असं भर मंदिरात सांगतो. गोड निरोप होता आणि खोटा होता. यिर्मया मात्र लिहितो: घरं बांधा, बाग लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा. आणि मग दहावं वचन, ७० वर्षांनी मी तुम्हाला परत आणीन. अकरावं वचन त्याच्या पाठोपाठ येतं. म्हणजे 'माझे संकल्प हिताचे आहेत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत' हे ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्यातले पुष्कळजण परक्या मातीतच जाणार होते, आणि ऐकताना त्यांना ते कळत होतं. म्हणून त्या वचनातली आशा कमी झाली का? मला तरी ती आता जास्त खरी वाटते. 'उद्या सगळं ठीक होईल' यापेक्षा, आपण फळ खायला नसू हे माहीत असून बाग लावणाऱ्याची आशा तुमच्या घराच्या जास्त जवळची आहे. फुलांच्या चित्राबरोबर दहावं वचन येत नाही, म्हणून अकरावं खोटं वाटतं.

तेव्हा माझा एकच आग्रह आहे. दोनच ओळी वाचा, पण कुणी, कुणाला, कोणत्या हालतीत म्हटलं एवढं विचारून वाचा. अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही, पाच ओळी वर आणि पाच खाली नजर टाकली तरी बहुतेक वेळा कळतं. या प्रश्नाने फसवी वचनंही उघडी पडतात. 'तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल' ही ईयोबाच्या पुस्तकातली ओळ मी फ्रेम करून भिंतीवर लावलेली पाहिली आहे. म्हणतो कोण? बिल्दद, ईयोबाचा एक मित्र. आणि त्याच्या तीनच वचनं आधी तो ईयोबाला सांगतो की तुझ्या लेकरांनी पाप केलं असेल म्हणून ती गेली. पुस्तकाच्या शेवटी या मित्रांवर देव स्वतः चिडतो. आपण मात्र बिल्ददाला काच लावून खिळा ठोकतो.

आता काय वाचायचं. माझ्या मते सध्या देवाविषयी सांगणारी वचनं बाजूला ठेवा आणि देवाशी बोलणारी घ्या. 'तो असं करील' हे वाक्य तुमच्या मनात आज टिकणार नाही, आणि जबरदस्तीने टिकवू नका. 'तू' ने सुरू होणारी वाक्यं टिकतील. तेविसावं स्तोत्र पाठ असेलच तुम्हाला. मेंढपाळ, कुरणं, संथ पाणी, तोपर्यंत सगळं 'तो' आहे. मृत्युच्छायेच्या दरीत पाय पडतो आणि तिथे ते 'तू' होतं: 'कारण तू माझ्याबरोबर आहेस.' दरीत शिरल्यावर दावीद देवाची माहिती सांगणं सोडून देतो.

पण सुरुवात तेविसाव्यापासून नको, ते फार गुळगुळीत झालंय. तेरावं घ्या. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांत 'कोठवर' हा शब्द चार वेळा येतो. 'हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार?' एवढंच म्हणून पुस्तक मिटलंत तरी चालेल. शेवटी त्यात भरवशाच्या दोन ओळी आहेत, तिथवर या आठवड्यात पोचलंच पाहिजे असं नाही.

मग योहान ११:३५. मराठीत दोन शब्द. 'येशू रडला.' याच्या वर-खाली बघा. मार्था म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि शब्दन् शब्द तेच म्हणते. दोघी बहिणींनी चार दिवस घरात बसून आपसांत हेच म्हटलं असणार. मरीयेला तो काही समजावून सांगत नाही. 'त्याला कुठे ठेवलंय?' असं विचारतो आणि रडतो. त्यांच्या भावाला, लाजराला, उठवायला निघालो आहे हे त्याने शिष्यांना आधीच सांगितलेलं होतं. घडीभराने सगळं पालटणार हे ज्याला ठाऊक, तोसुद्धा त्या घडीभरात 'रडू नका, सगळं चांगलं होणार आहे' असं म्हणत नाही. पुनरुत्थानावर तुमचा विश्वास आहे म्हणून आईसाठी रडायचं नाही, असं कुणी सुचवलं असेल तर या दोन शब्दांजवळ बसून राहा.

विलापगीतातली ती दोन वचनंही घ्या, पेटीतून बाहेर काढून. 'आम्ही भस्म झालो नाही ही परमेश्वराची दया होय,' आणि त्याची करुणा रोज सकाळी नवी होते असं सांगणारी (३:२२-२३). त्याच अध्यायात वर, आठव्या वचनात, कवी म्हणतो की मी हाक मारतो तर तो माझी प्रार्थना आत येऊ देत नाही. खाली, चव्वेचाळिसाव्यात, तू स्वतःला मेघाने असं वेढून घेतलंस की प्रार्थना आरपार जाऊ नये. म्हणजे दोन बाजूंना दोन बंद दारं आणि मधोमध ही ओळ. ती लिहिताना यरुशलेम जळून गेलेलं आहे. आशा म्हणजे बंद दारं दिसेनाशी होणं नव्हे, हे मला या अध्यायाने शिकवलं.

आणि स्तोत्र १३१. तीन वचनं, मिनिटभरात संपतं. दूध तुटलेलं बाळ आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्या ठायी आहे, असं त्यात म्हटलंय. दूध पिणारं बाळ आईच्या मांडीवर येतं ते काहीतरी हवं म्हणून, चाचपडतं, रडतं. दूध तुटल्यावर तेच बाळ येऊन नुसतं टेकून बसतं. मागायचं काही नसतं. तुमची आई आता नाही, म्हणून ही तीन वचनं कदाचित इतक्यात सोसणार नाहीत. ठेवून द्या. पण शास्त्राजवळ यायची एक रीत अशीही आहे की काही बातमी मिळवायची नाही, टेकून बसायचं.

वाचायचं कसं, तर डोळ्यांनी नको, ओठांनी. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करण्याविषयी जो हिब्रू शब्द आहे, 'हागा', तोच यशयाच्या पुस्तकात पारव्याच्या कण्हण्यासाठी आणि शिकारीवर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्यासाठी येतो. मनन म्हणजे गप्प बसून विचार करणं असं आपल्याला वाटतं, पण मूळ शब्दात घशातला आवाज आहे. कण्हणारा पारवा व्हा. एकच ओळ, आठवडाभर, भांडी घासताना, जिना चढताना. दुसरा आठवडा, दुसरी ओळ. काही वाटलं नाही तर वाटलं नाही. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरकडे जा. एलिया संदेष्टा 'आता माझा जीव घे' म्हणून झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला वचन ऐकवलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत खाऊ घातलं. बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी.

आता बदलीचा प्रश्न.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मावशी काय म्हणाल्या ते आहे, पाळकसाहेब काय म्हणाले ते आहे, नातेवाईक काय पाठवतात तेही आहे. पप्पा काय म्हणाले ते नाही. पप्पांचं एकही वाक्य नाही. तुम्ही त्यांना विचारलंय का?

पान उघडून बोट ठेवायचं म्हणाल तर दोन्ही बाजूंची वचनं मी तुम्हाला बसल्या जागी देते. जायचं नसेल तर १ तीमथ्य ५:८ आहे, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. जायचं असेल तर मत्तय १०:३७ आहे, जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. दोन्ही छोटी, दोन्ही खरी, आणि तुमच्या बढतीविषयी दोन्हींत अक्षर नाही.

लोक जुन्या काळच्या संत ऑगस्टीनचं उदाहरण देतात. ३८६ साली मिलानच्या बागेत एका मुलाचा आवाज त्याच्या कानी आला, 'घे आणि वाच', त्याने पौलाचं पत्र उघडलं, रोमकरांस १३ मधली ओळ समोर आली आणि आयुष्य पालटलं. खरं आहे. पण तो कित्येक वर्षं झगडत त्या बागेपर्यंत आलेला होता, आणि त्या ओळीने त्याला भविष्य सांगितलं नाही, जे टाळत होता ते कर म्हणाली. पुढे बिशप झाल्यावर त्यानेच लिहिलं की संसारातल्या कामांसाठी शुभवर्तमानाची पानं उघडून कौल लावणं मला आवडत नाही.

मला त्याहून जवळचा वाटतो डिट्रिख बोन्हॉफर, हा जर्मन पाळक. १९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी त्याला हिटलरच्या जर्मनीतून काढून न्यूयॉर्कला सुरक्षित जागी आणलं. त्याचं मन लागेना. २६ जूनला वाचनात आलं, 'हिवाळ्यापूर्वी ये.' २ तीमथ्य ४:२१. हो, आपल्या त्रफिमाचं खालचंच वचन. पौल तुरुंगात होता, थंडी येणार होती, त्रोवसात राहिलेला झगा त्याला हवा होता, म्हणून तीमथ्याला लिहिलेली साधी घाईची ओळ. हे बोन्हॉफरला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने रोजनिशीत अशा अर्थाचं लिहिलं की हे मी मला म्हटलं आहे असं मानलं तर तो शास्त्राचा गैरवापर नाही. जुलैत तो परतला. पण त्या वचनाच्या काही दिवस आधीच, तिथे राहणार नाही असं त्याने कळवून टाकलेलं होतं. वचनाने त्याच्यासाठी निर्णय घेतला नाही. आधीच वळलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्यात सुरक्षिततेची हमी नव्हती. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं.

म्हणून पाळकसाहेबांचं 'वचनातून मार्ग माग' मी खोडत नाही, पण ते शेवटी ठेवा. आधी पप्पांबरोबर बसा. त्यांना एकटं राहायचंय का, तुमच्याबरोबर यायचंय का, की तुम्ही त्यांच्यासाठी थांबलात याचं ओझं त्यांना नकोय, हे त्यांच्या तोंडून ऐका. कामाच्या ठिकाणी विचारा, रुजू व्हायची तारीख दोन-तीन महिने पुढे जाईल का. बऱ्याचदा जाते, माणसं विचारतच नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांत 'पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले' असं जे थोर वाक्य आहे (१५:२८), ते भरपूर वादविवाद झाल्यानंतरचं आहे. आणि 'तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे' हे म्हणताना मातीची पणती डोळ्यांसमोर आणा. तिचा उजेड पावलापुरताच पडतो, गावाच्या वेशीपर्यंत नाही. तुमचं पुढचं पाऊल म्हणजे बदली नाहीच. पप्पांच्या खोलीचं दार, तेवढंच.

राहिलं ते पान.

नवं शास्त्र घेऊ नका. त्या पानाविषयी मला एक सांगायचंय, म्हणूनच ते शेवटी ठेवलं. यहूदी लोक वल्हांडण सणाच्या रात्री स्तोत्र ११३ ते ११८ गातात, जेवणानंतर शेवटचं येतं ते ११८. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असं मत्तय आणि मार्क दोघंही सांगतात. ते गीत म्हणजे हीच स्तोत्रं असावीत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तसं असेल तर गेथशेमानेकडे निघताना, पकडायला येणारे शहरात जमत असताना, त्याने मोठ्याने म्हटलं: मी मरणार नाही, तर जगेन. दुसऱ्या दिवशी तो मेला. खरोखर मेला, कबरेत ठेवावा लागला.

त्याच्या तोंडी ही ओळ खोटी ठरली असं आपण म्हणत नाही. पण रविवारच्या पहाटेपर्यंत ती खोटीच दिसत होती, आणि त्याच्या आईने शुक्रवार ते रविवार काढले ते ती खोटी दिसत असतानाच. तुम्ही चुकीच्या वचनावर बोट ठेवलं नव्हतं. त्या वचनात जितके दिवस मावतात तेवढे तुम्ही आई जाण्याच्या पाच आठवडे आधीच्या एका तारखेत बसवायला गेलात. साक्षीचंही तसंच. मंडळीत पुन्हा उभं राहून ती मागे घ्यायला हवी असं मला वाटत नाही. मला तीस वर्षं लागली, तुम्हाला कुणी घाई केलेली नाही.

ते पान उघडा, पेन घ्या आणि समासात त्या तारखेखाली दुसरी तारीख लिहा, आई गेली ती. पहिली खोडू नका. दोन्ही तारखा त्या ओळीशेजारी राहू द्या.

तुमची ताई

ता. क. सकाळची वचनं काही दिवस बंद केलीत तर पाप नाही. दुःखी मनापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेण्यासारखं आहे, असं नीतिसूत्रं २५:२० सांगतं, आणि तेही वचनच आहे. पण पाठवणाऱ्यांत मावशी असतील तर त्यांचा नंबर म्यूट करू नका. एखाद्या संध्याकाळी फोन लावा आणि विचारा, आई लहानपणी कशी होती.